पेटी कुणाच्या घरी? बडोद्यातल्या एका कलाकेंद्राचं प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजारापासून फार लांब नाही अशा एका गल्लीत एक छोटं कलाकेंद्र आहे. खाली प्रदर्शनाचं दालन, वर दोन वर्ग, मागच्या खोलीत एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरलेलं चित्र छापायचा, जुना प्रेस. या केंद्रानं छपाईचं सामान भरलेल्या पेट्या वस्त्यांमध्ये ठेवून पाहिल्या, त्याची ही हकीगत. केंद्राचं नाव देत नाही. पुढे ज्या देणगीदार कंपनीचा विषय येणार आहे, तिची मदत केंद्राला अजून चालू आहे आणि ती चालू राहावी असं मलाही वाटतं.

वस्त्यांमध्ये जाऊन मुलांची चित्रकलेची शिबिरं घ्यायची, असा केंद्राचा 'वस्ती कार्यक्रम' काही वर्षं व्यवस्थित चालला होता. अहवाल चकचकीत, फोटो भरपूर, देणगीदार खूश. विश्वस्तांना मात्र एक गोष्ट टोचत होती. इतकी शिबिरं झाली, पण त्या वस्त्यांमधलं कुणी आपणहून केंद्राची पायरी चढलं नाही. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तेच ते लोक येत. इथल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सचे आजी-माजी विद्यार्थी, दोन-चार वास्तुविशारद आणि चहासाठी येणारे आम्ही. मी संस्थांचे प्रकल्प-अहवाल तपासून देण्याचं काम करतो, त्यामुळे कागद माझ्याकडे आले.

मी अहवाल बाजूला ठेवून आधी हजेरीची रजिस्टरं मागितली. अहवालात काय लिहायचं ते लिहिणारा ठरवतो. रजिस्टर मात्र वस्तीतल्या ओट्यावर, कुणाच्या तरी गुडघ्यावर ठेवून भरलेलं असतं. दर शिबिराला चाळीसच्या आसपास सह्या होत्या. काही ठिकाणी एकाच हातानं एकाखाली एक पाच भावंडांची नावं लिहिलेली. एका पानावर सहीच्या जागी मांजर काढलेलं, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या कार्यक्रमातलं ते सर्वात मोकळं चित्र होतं. मी एकाच वस्तीची पानं शेजारी ठेवून नावं जुळवत गेलो. जुळतच नव्हती. ज्या मुलीनं पहिल्या शिबिरात सही केली, ती दुसऱ्यात नाही. दुसऱ्यातली तिसऱ्यात नाही. दर वेळी नवे चाळीस.

आधी वाटलं, मुलांना शिबिर आवडत नसेल. समन्वयक ताईंना विचारलं तेव्हा खरं कारण कळलं. कंपनीच्या तक्त्यात 'लाभार्थी' हा रकाना होता आणि एकदा मोजलेलं नाव पुन्हा मोजायचं नाही अशी सूचना होती. त्यामुळे दुसऱ्यांदा आलेल्या मुलाला ताई प्रेमानं सांगत, "तू मागच्या वेळी केलंस ना बाळा, आता दुसऱ्यांना संधी दे." म्हणजे ज्या पोराला खरोखर गोडी लागली, त्यालाच परत पाठवायचं. आणि हे सगळं कागदावर बिनचूक होतं.

दुसरी अडचण पैशाच्या वेळापत्रकाची. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीचाही समावेश आहे, म्हणून केंद्राला हा पैसा मिळतो. पण कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं. पैसा मंजूर होऊन हातात येईपर्यंत दिवाळी उलटते, आणि फेब्रुवारीत फोन सुरू होतात : खर्च दाखवा. साहजिकच निम्म्याहून जास्त शिबिरं फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत. ज्या वयाच्या मुलांच्या हातात लिनो (रबरासारखी शीट, ती कोरून छापायचा ठसा करतात) कापायचं हत्यार देता येतं, ती मुलं त्या वेळी गाइड घेऊन बसलेली. मंडपात यायची ती पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली आणि त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणी. त्यांना क्रेयॉनचं खोकं, 'स्वच्छता' हा विषय, दोन डोंगर, मधून सूर्य, बिस्किटाचा पुडा, प्रमाणपत्र. फोटो, की संपलं.

भाषेचं त्रांगडं वेगळंच. शिकवायला येणारे फाइन आर्ट्सचे विद्यार्थी कुणी केरळचे, कुणी बंगालचे. वस्तीत गायकवाडांच्या काळापासून राहणारी मराठी घरं, त्यांच्याहून जास्त गुजराती, आणि अलीकडे उत्तर प्रदेशातून आलेली मंडळी. आमच्याकडे मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत गेल्या, त्यामुळे मराठी पोरंसुद्धा आपसात गुजरातीच बोलतात. शिक्षक हिंदीत सांगणार, ताई गुजरातीत उलगडणार, आजी मराठीत ओरडणार. निभायचं कसंबसं. हे मी फार मोठं कारण मानत नाही. हातात काम असलं की माणसं भाषेची वाट काढतात.

ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि कार्यक्रम आपोआप थांबला. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : ही नदी शहराच्या मधोमध वाहते, तिच्यात मगरी आहेत, आणि त्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. केंद्राच्या कामाच्या दोन वस्त्या पाण्यात होत्या. कंपनीच्या संमतीनं शिल्लक पैसा धान्य आणि चादरींकडे वळवला गेला, आणि तेच योग्य होतं.

थंडीच्या तोंडाशी पुन्हा सुरुवात करायची ठरलं तेव्हा मंडप-बॅनरला पैसा नव्हता. केंद्रातला प्रेस सांभाळणारे एक भाई आहेत. ते बैठकीत शक्यतो बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "आपण दर वेळी सामान नेतो आणि परत आणतो. एकदा तिथेच ठेवून बघू."

विश्वस्तांपैकी एका बाईंना यावरून सयाजीरावांच्या फिरत्या पेट्या आठवल्या. बडोद्यात ही आठवण कुणालाही येऊ शकते, फक्त कुणी तरी ती वेळेवर काढावी लागते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावोगावी वाचनालयाची इमारत बांधणं शक्य नव्हतं, म्हणून 15 ते 30 पुस्तकांची लाकडी पेटी गावात जायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा, राखण गावातल्या कुणा जबाबदार माणसाची. मोतीभाई अमीनांसारख्या ग्रंथालय-कार्यकर्त्यांनी हे काम गावांमध्ये रुजवलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पेटीबरोबर कुणी साहेब जायचा नाही. पेटी गावात राहायची आणि लोक रात्री, दुपारी, आपल्या सोयीनं ती उघडायचे.

पेटीत काय घालायचं यावर मात्र वाद झाला. कुणी म्हणालं चित्रांची पुस्तकं, कुणी म्हणालं रंग आणि कॅनव्हास. भाई छपाईवर अडून बसले, आणि शहराचा इतिहास त्यांच्या बाजूनं होता. राजा रविवर्म्यानं लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं काढली, पण त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या 1894 साली मुंबईत निघालेल्या छापखान्यामुळे. चित्रं छापून लोकांपर्यंत न्या हा सल्ला त्याला आधी देणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचेच माजी दिवाण. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थी-शिक्षकांनी साठच्या दशकात मेळा भरवायला सुरुवात केली, तेव्हा के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानं त्यात लाकडा-चामड्याची खेळणी केली. लोक मेळ्यात यायचे ते काही तरी विकत घेऊन घरी नेता येतं म्हणून. 'कलेचा आस्वाद' वगैरे मागाहून.

शेवटी पेटी ठरली ती अशी. सागाची नाही, साध्या प्लायची, कडीकुलपाची. आत लिनोचे तळहाताएवढे तुकडे, व्ही आणि यू धारेची कोरणी, दोन रबरी रोलर, शाई फिरवायला काचेऐवजी ॲक्रिलिकची पाटी, पाण्यात धुता येणारी काळी आणि लाल शाई, कागदाचे गठ्ठे. तेलाची शाई छान उठते, पण ती पुसायला रॉकेल लागतं, आणि एका खोलीच्या घरात स्वयंपाकाशेजारी तो वास कोण सहन करणार? कोरताना तुकडा सरकून बोट कापू नये म्हणून सुतारानं खालून-वरून पट्टी मारलेल्या फळ्या करून दिल्या. खालची पट्टी ओट्याच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, आणि हात नेहमी हत्याराच्या मागे राहतो. छाप घासायला वाटीचा तळ. लहान मुलांना कोरणी द्यायची नाहीत, त्यांना भेंडी आणि बटाटा.

पहिल्या फेरीच्या पेट्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. एका सोसायटीत गेलेली पेटी न उघडताच परत आली. पदाधिकाऱ्यांमध्ये किल्ली कुणाकडे, यावर एकमत झालं नव्हतं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी पेटी आदरानं कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. हरवलं तर भरून कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि सरकारी जडवस्तू नोंदवहीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला तो हास्यास्पद वाटणार नाही. एका तरुण मंडळानं रोलर ऑइल पेंटमध्ये बुडवून गणपतीचा फलक रंगवला. फलक चांगला झाला, रोलर गेले.

आता वाडी भागातल्या एका पोळीतलं घर. जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीला इथे पोळ म्हणतात. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक मराठी काकू राहतात. त्यांच्याकडे पेटी गेली, कारण पोळीत मोठं टेबल फक्त त्यांच्याकडे होतं. यापलीकडे त्या निवडीत काही शहाणपण नव्हतं. जानेवारीच्या सकाळी लिनो कडक होतो, कोरणी घसरते, म्हणून भाईंनी पहिल्या दिवशी तुकडे ओट्यावर उन्हात मांडायला सांगितले. पापड वाळत घातल्यासारखे ते तुकडे पाहून शेजारच्या बायका जमल्या. कुणी तरी विचारलं, यावर साथिया, म्हणजे स्वस्तिक, कोरता येईल का? दारावर लावायला दर सणाला तेच चकाकते स्टिकर आणावे लागतात.

कोरला. शाई फिरवली, कागद ठेवला, वाटीनं घासला, उचलला. शेजारच्या गुजराती बेन लगेच म्हणाल्या, "आ तो ऊंधो थयो!" (हा तर उलटा झाला!) उठावाच्या छपाईत चित्र आरशासारखं उलटतं. फूल, पान, मोर उलटला तर कुणाला कळतही नाही. लक्ष्मीची पावलं जोडीनं कोरली तर डाव्याची उजवी होते आणि जोडी जशीच्या तशी राहते. पण स्वस्तिक उलट्या दिशेला वळतं, आणि 'शुभ लाभ' वाचताच येत नाही. काकूंनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. "असला दारावर लावला असता तर सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं असतं."

शिकवायला गेलेला विद्यार्थी आरशात बघून कसं कोरायचं ते समजावू लागला. काकूंनी ऐकून घेतलं आणि मशीनच्या खणातून बटर पेपर काढला. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवणाऱ्या बायकांना हे काम ठाऊक असतं : बटर पेपरवर नक्षी काढायची, रेषेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, वरून नीळ चोळली की खाली नक्षी उमटते. त्याला खाका म्हणतात. एकाच खाक्यावरून पोलक्याची डावी आणि उजवी बाही करायची तर कागद फक्त उलटा टाकायचा. काकूंनी साथियाचा खाका केला, उलटा करून लिनोवर ठेवला आणि चोळला. दुसऱ्या छापात साथिया सरळ आला. विद्यार्थ्यानं तो खाका मागून घेतला, आणि आता तो केंद्राच्या वर्गातही हीच पद्धत दाखवतो.

दारापुढची ही नक्षी काही दुय्यम गोष्ट नव्हे. छापचित्रं करणाऱ्या ज्योती भट्टांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून खेड्यापाड्यांतल्या भिंती आणि अंगणं कॅमेऱ्यानं टिपत आणली. या शहरातल्या कलावंतांना बायकांच्या हातच्या रेषेची किंमत पूर्वीपासून माहीत आहे. वस्ती कार्यक्रमाला मात्र ती माहीत नव्हती. त्यानं त्याच बायकांच्या हातात क्रेयॉन दिले होते.

यानंतर पेटी वेळेवर परत आली नाही. मुदत संपली तेव्हा ताईंना फोनवर सांगण्यात आलं की अजून चार घरं बाकी आहेत. लिनोचे तुकडे संपले तेव्हा काकूंनी कापडाची कात्रणं पुढे केली आणि कापडी रंगानं पिशव्या छापायला सुरुवात झाली. विश्वामित्रीकाठची पुरात सापडलेली काही मुलं काकूंच्या नात्यातून तिथे येऊ लागली. त्यांनी मगरी कोरल्या : स्कूटरच्या सीटवर मगर, जिन्यात मगर, एकीत तर मगरीच्या पाठीवर गॅसचा बाटला. कुणी विषय दिला नव्हता. मी तपासलेल्या सगळ्या कागदांमध्ये पुराबद्दल इतकं स्पष्ट काही लिहिलेलं नव्हतं.

आणि एक दिवस पोळीतल्या बायकांनीच विचारलं की जुन्या नक्षीच्या किनारी कुठे बघायला मिळतील. पूर्वी केंद्रानं मुलांना रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात नेलं होतं, शिट्टी वाजवत, रांगेत. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं ते घर. आतल्या भिंतींवर रामायण-महाभारत, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रजांची लढाई, मधूनच विलायती मडमा. त्या सहलीच्या अहवालात 'मुलांनी वारसा अनुभवला' असं वाक्य आहे. या वेळी गेलेल्या बायकांनी चित्रांपेक्षा चित्रांच्या चौकटी जास्त वेळ पाहिल्या. एकीनं बांगडीच्या डबीवर पेननं वेल उतरवून घेतली. शिट्टी कुणी वाजवली नाही, पण काकूंनी एकदा सगळ्यांना "भिंतीला हात नको" म्हणून दम दिला.

दिवाळीआधी केंद्रानं ठरवलं की हे छाप फ्रेम करून दालनात मांडायचे. हेतू चांगला, पण बायकांना तो पटला नाही. दिवाळीचा माल दिवाळीआधी विकला जातो. दालनात महिनाभर लटकला तर त्याचं काय करायचं? बरंच बोलणं झालं. शेवटी दालनात टेबलं मांडली, मगरी भिंतीवर आणि साथिये, पाकिटं, पिशव्या टेबलावर, पैसे जागच्या जागी ज्याचे त्याला. त्या दिवसांत पोळीतले लोक पायरी चढले. माल त्यांचा होता, गल्ला त्यांच्या नजरेसमोर हवा होता. येता येता त्यांनी वरच्या वर्गात डोकावलं, आणि दोन मुली आता रविवारी एचिंग शिकायला येतात.

आता हिशोब. सयाजीरावांच्या पेटीत आणि या पेटीत एक फरक आहे, तो विश्वस्तांना उशिरा जाणवला. पुस्तक वाचून संपत नाही. लिनो कोरला की संपतो, शाई संपते, कोरणीची धार जाते. पेटी जितकी चांगली चालेल तितकी लवकर रिकामी होते. कंपनीच्या तक्त्यात कार्यक्रमाच्या खर्चाला जागा आहे : मंडप, अल्पोपाहार, तज्ज्ञांचं मानधन. पुन्हा पुन्हा भरावयाच्या सामानाला रकाना नाही. न उघडता परत आलेली सोसायटीची पेटी त्या तक्त्यात सर्वात काटकसरी ठरते.

लाभार्थ्यांच्या रकान्याचंही तेच. काकूंच्या घरी येणारी माणसं तीच ती, त्यामुळे जुन्या नियमानं आकडा घसरला. मी सुचवलं की अहवालात दोन आकडे द्या : किती आले, आणि त्यातले किती पुन्हा आले. दुसरा आकडा आधीच्या शिबिरांसाठीही काढा, म्हणजे तुलना कंपनीच्या डोळ्यांसमोर येईल. दुसरी सूचना कायद्यातली आहे आणि कित्येक छोट्या संस्था ती वापरत नाहीत. कंपनीनं एखादं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं, तर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मग मार्चमध्ये मंडप घालायची गरज राहत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पहिली सूचना मान्य केली आहे. दुसरी त्यांच्या संचालक मंडळापुढे जायची आहे.

पेटी हाच सगळ्यावर उपाय, असं मी म्हणणार नाही. बहुतेक पेट्या फसल्या. जी चालली, ती तिथे टेबल, खाका आणि दम द्यायला काकू होत्या म्हणून चालली. पुढच्या घराची निवड अशा योगायोगावर सोडता येणार नाही. त्यामुळे या वेळी जागा शोधताना ताई शिवणवाल्या, भरतकामवाल्या, पाटीवर अक्षरं रंगवणारे, मेंदी काढणाऱ्या अशांची यादी करत आहेत. ज्यांच्या घरात हाताचं काम आधीच चालतं आणि शेजाऱ्यांची ये-जा असते, अशी घरं. मंडळं आणि सोसायट्या तूर्त वगळल्या आहेत. शाळेसाठी वेगळी पेटी करायची, जिच्यातलं सामान नोंदवहीत 'खर्ची पडणारं' म्हणून चढेल, म्हणजे मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागणार नाही.

भाई आता दर पंधरवड्याला सायकलवर पोळीत जातात आणि कोरणींना धार लावून देतात. याचं मानधन कुठल्या शीर्षकाखाली टाकायचं हे खजिनदारांना अजून सुचलेलं नाही, सध्या ते 'दुरुस्ती व देखभाल'मध्ये जातं. अनामत रक्कम घ्यायची की नाही यावरही विश्वस्तांमध्ये दोन तट आहेत. मी न घेण्याच्या बाजूचा आहे. काकूंच्या घरची पेटी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि ती परत मागायची की नवी करायची हा विषय पुढच्या बैठकीच्या टिपणीत तिसऱ्या क्रमांकावर आहे.